गाऊट: झटका आला की रोजची गोळी थांबवायची का?

अंगठेबहाद्दर

गाऊटचं, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साठून होणाऱ्या संधिवाताचं, निदान पक्कं आहे. सांध्यातलं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, सुईसारखे स्फटिक दिसले. तेव्हा 'हा गाऊटच कशावरून' ही चर्चा नको. ॲलोप्युरिनॉल १०० मि.ग्रॅ. रोज एक, तीन आठवडे झाले. मूत्रपिंडाचे रिपोर्ट ठीक. आणि आता अंगठ्याच्या बुडाशी पुन्हा तोच झटका. प्रश्न असे:

१. युरिक ॲसिड उतरवायची गोळी चालू असताना झटका येतोच कसा? लागू पडत नाही म्हणून बंद करायची का?

२. झटक्याच्या दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर युरिक ॲसिड ५.९. गोळीच्या आधी ८.८ होतं. एवढं उतरलंय तर दुखतंय कशाने?

३. पथ्याच्या यादीत डाळी, कडधान्यं, पालक, टोमॅटो, मशरूम, फ्लॉवर सगळ्यावर फुली. मग खायचं काय?

४. रात्री पायावर चादरसुद्धा सहन होत नाही. याला काही उपाय?

खडीसाखर

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ते उलटं वाटतं म्हणून पटत नाही, एवढंच. गोळी बंद करू नका.

शरीराच्या तापमानाला रक्तात युरेट (युरिक ॲसिडचं रक्तातलं रूप) साधारण ६.८ मि.ग्रॅ. प्रति डेसिलीटरपर्यंत विरघळून राहतं. त्याच्या वर गेलं की त्याचा पाक होतो. घट्ट पाकात दोरा सोडला की दोऱ्यावर खडे धरतात ना, तसे कूर्चेवर आणि सांध्याच्या अस्तरावर स्फटिक धरायला लागतात. (दोऱ्याची गोष्ट नुसती उपमा नाही. आल्फ्रेड गॅरॉड या इंग्रज डॉक्टरांनी १८५४ साली रुग्णाच्या रक्ताच्या निवळीत ॲसिटिक आम्ल घालून त्यात खरंच धागा ठेवला आणि त्यावर धरलेले युरिक ॲसिडचे कण पाहून निदान करायची रीत सांगितली. त्या धाग्याचा उपयोग या चर्चेच्या धाग्यापेक्षा नक्कीच जास्त झाला.) पायाचा अंगठा शरीराच्या टोकाला, म्हणून गार, आणि गारव्यात युरेट आणखी कमी विरघळतं. वर प्रत्येक पावलाचा भार त्याच्यावर. म्हणून बहुतेकांचा पहिला झटका तिथे.

आता मुख्य मुद्दा. हे स्फटिक वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतात. पातळी झपाट्याने वर गेली की थर हलतो, आणि झपाट्याने खाली आली तरीही हलतो. सुटलेले कण सांध्याच्या पाण्यात आले की पांढऱ्या पेशी त्यांना गिळायला धावतात आणि तिथे आग पेटते. म्हणजे गोळीने पातळी उतरली, थर सुटायला लागला, झटका आला. भिंतीचा जुना रंग खरवडताना पापुद्रे खाली पडणारच. ते पडताहेत म्हणून खरवडणं चुकलं असं कोणी म्हणत नाही.

५.९ बद्दल. झटक्यात मूत्रपिंडं युरेट एरवीपेक्षा जास्त बाहेर टाकतात, त्यामुळे आकडा खोटाच खाली दिसू शकतो. 'युरिक नॉर्मल आहे, म्हणजे गाऊट नाही' असं सांगून कित्येकांना परत पाठवलं जातं ते याच पायी. दुखणं पूर्ण शमल्यावर निदान दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा, तो आकडा धरा. आणि समजा ५.९ खरंच असलं, तरी रक्तातला आकडा म्हणजे आजची आवकजावक. सांध्यात आधीच साठलेला माल वेगळा, तो विरघळायला महिने लागतात, जुना आजार असेल तर वर्षं.

तुमच्या वर्णनात एक गोष्ट कुठेच दिसली नाही: गोळी सुरू करताना सोबत झटका टाळण्यासाठीचं औषध. साधारणपणे पहिले ३ ते ६ महिने कमी मात्रेतलं कोल्चिसिन (०.५ मि.ग्रॅ. दिवसातून एकदा किंवा दोनदा) जोडीला देतात. डॉक्टरांना आधी हे विचारा.

गोळीबार

खडीसाखर यांच्याशी सहमत. औषधांच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण गोंधळ तिथेच जास्त होतो.

गाऊटमध्ये दोन कामं आणि दोन वेगळी औषधं. ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट युरिक ॲसिड कमी तयार होऊ देतात. ती वेदनाशामक नाहीत. झटक्यात ॲलोप्युरिनॉलची जादा गोळी घेतली तर दुखणं कमी होणार नाही, उलट पातळी हलून दुखणं वाढेल. कोल्चिसिन, सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या आणि स्टेरॉइड झटका विझवतात, पण साठ्याला हात लावत नाहीत. फक्त झटक्याच्या गोळ्यांवर वर्षं काढणारा माणूस आग विझवत राहतो आणि लाकडं रचत राहतो.

झटक्याची मात्रा: कोल्चिसिन जितक्या लवकर तितकं चांगलं, शक्यतो पहिल्या १२ तासांत. ०.५ च्या गोळ्या असतील तर आधी १ मि.ग्रॅ., तासाभराने ०.५, आणि त्या दिवसापुरतं बस. पूर्वी जुलाब लागेपर्यंत दर तासाला गोळी द्यायचे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकूण १.८ मि.ग्रॅ. आणि एकूण ४.८ मि.ग्रॅ. अशी तुलना झाली; कमी मात्रेने तेवढाच आराम पडला आणि जुलाब फार कमी झाले. तरी जुन्या चिठ्ठीवरची 'दर तासाला' मात्रा अजून फिरत असते. ती पाळू नका.

कोल्चिसिन कुणाच्या हाती जपून द्यावं: मूत्रपिंड किंवा यकृत कमजोर असेल तर, आणि क्लॅरिथ्रोमायसिन, केटोकोनॅझोल, सायक्लोस्पोरिन, व्हेरापामिल, डिल्टियाझेम यांपैकी काही चालू असेल तर. ही औषधं कोल्चिसिनला शरीराबाहेर जाऊ देत नाहीत आणि साधी मात्रासुद्धा विषारी ठरू शकते. घशाच्या संसर्गासाठी कुणी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं की कोल्चिसिन चालू आहे हे न विचारता सांगायचं. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवायची गोळी) चालू असताना मांड्या-दंडांत अशक्तपणा वाटू लागला तर तेही लगेच सांगायचं.

नेप्रॉक्सेनसारख्या गोळ्या चांगल्या चालतात, पण अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, हृदय कमकुवत किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर नकोत. तिथे डॉक्टर प्रेडनिसोलोन ३० ते ३५ मि.ग्रॅ. पाच दिवस असं काही देतात. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर उसळते, तेव्हा घरी मोजत राहायचं.

ॲलोप्युरिनॉल १०० ही सुरुवात आहे, मुक्काम नव्हे. दर २ ते ५ आठवड्यांनी रक्त तपासून १०० ने वाढवत न्यायचं, युरिक ॲसिड ६ च्या खाली येईपर्यंत. कातडीखाली युरेट साठून झालेल्या गाठी (टोफाय) असतील तर ५ च्या खाली. ३०० ला येऊन थांबायची सवय सगळीकडे आहे, पण ३०० मध्ये अनेकांचं ६ होत नाही. त्यापुढेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाढवता येतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर सुरुवात ५० किंवा त्याहून कमी, आणि चढणही सावकाश.

'बंद करू नका' या नियमाला एकच मोठा अपवाद: अंगावर पुरळ. खाज, पुरळ, ताप, तोंडात फोड, डोळे लाल, यांपैकी काही दिसलं तर गोळी त्याच क्षणी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ही प्रतिक्रिया विरळा, पण जिवावर बेतणारी. ती बहुधा पहिल्या काही आठवड्यांत येते. हान चिनी, कोरियन, थाई आणि आफ्रिकन-अमेरिकन वंशाच्या लोकांत गोळीच्या आधी एचएलए-बी*५८०१ ही जनुकीय तपासणी सुचवतात ती यासाठीच. दुसरं, ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट परस्पर सुरू करायचंच नाही, अस्थिमज्जा दबते.

पायपोस

चौथ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण डॉक्टरांच्या खोलीत हे कुणी सांगत नाही आणि रात्री दोन वाजता हेच हवं असतं.

चादर पायाला लागू द्यायची नाही, इतकंच साधायचं आहे. पलंगाच्या पायथ्याशी एक मजबूत पुठ्ठ्याचा खोका घ्या, दोन समोरासमोरच्या बाजू कापून कमान करा. कमान गादीवर उभी, पाऊल तिच्या आत, चादर तिच्यावरून. बुटकं स्टूल आडवं ठेवलं तरी चालतं. पंख्याचा झोतसुद्धा झोंबत असेल तर कमानीची पंख्याकडची बाजू कापू नका.

पाय उंच ठेवायचा तर उशी पोटरीखाली, टाचेखाली नाही. टाच अधांतरी राहिली पाहिजे.

शेक नको, बर्फ हवा. पातळ टॉवेलमध्ये गुंडाळून १५ ते २० मिनिटं, मग तासभर तरी सुट्टी, मग पुन्हा. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेली असेल तर बर्फ नकोच, चटका कळत नाही. चोळणं, मालिश, 'जरा बोट ओढून बघू' हे सगळं बंद. मोजे काढून ठेवा, इलॅस्टिकचा वळ सुजेवर पडतो.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. चुकीच्या हातात धरली तर भार दुखऱ्या बाजूलाच पडतो, आणि बहुतेक जण नेमकी तिथेच धरतात. रात्री संडासला जायची वाट झोपण्याआधी मोकळी करून ठेवा. उठताना आधी टाच टेकवा, मग बाहेरची कड. अंगठ्यावर दाब न देता तेवढं जमतं.

वेदना १२ ते २४ तासांत शिगेला पोचते, आणि औषध घेतलं नाही तरी एक-दोन आठवड्यांत ओसरते. ओसरताना सांध्यावरची कातडी खाजते आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी सोलून निघते. घाबरायचं कारण नाही, सूज उतरल्याची खूण आहे. त्यानंतर आठवडाभर पुढून रुंद, तळ कडक असलेली चप्पल वापरा. मऊ तळ प्रत्येक पावलाला अंगठा दुमडतो.

मात्र ताप, हुडहुडी, सांध्याजवळ जखम, किंवा नेहमीपेक्षा वेगळाच सांधा असेल तर 'माझा नेहमीचा गाऊट' म्हणून घरी बसू नका. सांध्यात पू झाला तरी दिसतं अगदी असंच, आणि गाऊट असलेल्या सांध्यात दोन्ही एकत्र असू शकतात. त्याच दिवशी दाखवा.

साधंसरळ

त्या पथ्याच्या यादीबद्दल. ती फाडून टाका म्हणणार नाही, पण निम्मी खोडा.

शरीरातल्या युरिक ॲसिडचा मोठा वाटा, ढोबळमानाने दोन तृतीयांश, आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून येतो. जेवणातून येतो तो उरलेला. त्यात बहुसंख्य रुग्णांची अडचण 'जास्त तयार होतं' ही नसून 'मूत्रपिंडं पुरेसं बाहेर टाकत नाहीत' ही असते. काटेकोर पथ्याने आकडा उतरतो तो साधारण १ ने. ८.८ चं ७.८ झालं तरी ते ६.८ च्या वरच. पथ्य फुकट जात नाही, पण तेवढ्यावर काम भागत नाही. 'तोंडावर ताबा ठेवला असता तर झालं नसतं' हे रुग्णाला ऐकवणाऱ्यांनी हा हिशोब एकदा मांडून पाहावा.

डाळी, कडधान्यं, पालक, मशरूम, फ्लॉवर यांत प्युरिन (ज्याच्या मोडतोडीतून युरिक ॲसिड बनतं ते द्रव्य) आहे म्हणून ते यादीत आले. पण मोठ्या लोकसंख्येवर वर्षानुवर्षं पाहिलं तेव्हा भाज्यांतल्या प्युरिनमुळे गाऊट वाढलेला दिसला नाही. ते बिनधास्त खा. दूध-दही, विशेषतः कमी स्निग्धांशाचं, उपकारकच.

खरी फुली यांवर: काळीज, गुर्दा, भेजा, सार्डिन, अँकोव्हीसारखे छोटे मासे आणि शिंपले, बिअर (बिनअल्कोहोलचीही, कारण प्युरिन तिच्यात राहतंच), आणि साखरेची शीतपेयं. शेवटचं बहुतेक याद्यांत नसतं, म्हणून त्यावर जरा थांबतो. साखरेतलं फ्रुक्टोज पचवताना यकृत पेशीतली ऊर्जेची साठवण भराभर खर्च करतं आणि त्या मोडतोडीतून थेट युरिक ॲसिड बनतं. म्हणजे ज्यात प्युरिनचा कणही नाही असं पेय आकडा वर नेतं. फळाचा रस त्याच वर्गात. सबंध फळ नाही.

आणि उपाशी राहून वजन उतरवू नका. उपासात तयार होणारी कीटोन्स मूत्रपिंडातून युरेटच्या वाटेनेच बाहेर पडतात, वाट अडते, युरेट आत राहतं. वजन उतरवणं चांगलंच, पण आठवड्याला अर्धा-एक किलोच्या बेताने. हृदय-मूत्रपिंडाची मनाई नसेल तर लघवी फिकट राहील इतकं पाणी.

अंगठेबहाद्दर

सगळ्यांचे आभार. खोक्याची कमान लगेच जमली. कोल्चिसिन सोबत दिलेलंच नव्हतं, आता ०.५ रोज एक सुरू झालंय. आणखी दोन शंका: ॲस्पिरिन ७५ आणि रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड चालू आहेत. दोन्हींनी युरिक ॲसिड वाढतं असं वाचलं, थांबवू का? आणि ही ॲलोप्युरिनॉल घ्यायची किती दिवस?

गोळीबार

वाढतं हे खरं. पण ॲस्पिरिन हृदयासाठी दिलेलं असेल तर त्याला हात लावायचा नाही; त्याने वाढणारं युरिक ॲसिड थोडं आहे आणि ॲलोप्युरिनॉलची मात्रा वाढवून भरून काढता येतं. थायझाइडचं मात्र डॉक्टरांना जरूर विचारा. रक्तदाबासाठी पर्याय असतात, आणि त्यातलं लोसार्टन युरिक ॲसिड थोडं उतरवतंसुद्धा. बदल डॉक्टरांनीच करायचा, आज एक सोडून उद्या दुसरं विचारू असं नको.

खडीसाखर

किती दिवस? कायमची धरून चाला. गाऊटमधली सगळ्यात नेहमीची चूक झटक्यात होत नाही, झटके थांबल्यावर होते. वर्षभर काही झालं नाही, आकडा ५.२ आला, माणूस म्हणतो बरा झालो, आणि गोळी सोडतो. आकडा काही आठवड्यांत जुन्या जागी जातो, कारण मूत्रपिंडांची सवय बदललेली नसते. झटका मात्र लगेच येत नाही, पुन्हा थर बसायला वेळ लागतो. कधी वर्ष जातं, कधी जास्त. तोवर गोळी आणि झटका यांचा संबंध डोक्यातून गेलेला असतो.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, नेहमीची एकच. काही आठवड्यांचा खंड पडला असेल तर जुन्या मात्रेवर उडी न मारता डॉक्टरांना विचारून खालून चढा. आकडा जागेवर आला की सहा महिन्यांनी एक तपासणी पुरते.

कुंपणावरचा

मधेच विचारतो. युरिक ॲसिड ७.६, पण सांधा कधीच सुजला नाही, मुतखडाही नाही. गोळी?

खडीसाखर

सहसा नाही. आकडा जास्त असणं म्हणजे गाऊट नव्हे. अशा बहुतेकांना तो कधीच होत नाही. वजन, रक्तदाब, मूत्रपिंड तपासा, चालू औषधं पाहा. आणि उलट बाजूही लक्षात असू द्या: सुरुवातीच्या वर्षांत एक्स-रे स्वच्छ येतो, म्हणून एक्स-रे स्वच्छ आहे एवढ्यावर गाऊट नाही असंही ठरत नाही.

अंगठेबहाद्दर

शेवटचं. कोल्चिसिन आता रोजचंही आहे आणि झटक्याचंही. दोन्ही एकदम कसं बसवायचं?

गोळीबार

झटका आला तर झटक्याची मात्रा घ्या (१, तासाने ०.५), त्यानंतर १२ तास कोल्चिसिन काहीच नाही, मग पुन्हा रोजचं ०.५. ॲलोप्युरिनॉल या सगळ्यात नेहमीसारखं चालू. वर लिहिलेल्यांपैकी एखादं औषध चालू असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर हा हिशोब तुमच्यासाठी नाही, डॉक्टरांकडून वेगळा लिहून घ्या.

गोळ्या एका डबीत ठेवू नका. रात्री दुखत असताना, चष्म्याशिवाय, दिवा न लावता माणूस हाताला लागेल ती गोळी घेतो. एका डबीवर मार्करने 'रोज' आणि दुसरीवर 'झटका: २ गोळ्या, तासाने १, बस' असं मोठ्या अक्षरांत लिहा, आणि झाकणावर घेतल्याची वेळ लिहायला कागदाची पट्टी चिकटवा. दुसरी डबी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी उंच ठेवा. कोल्चिसिनची मात्रा जास्त झाली तर त्यावर उतारा नाही.